रांजणाची साक्ष

माझ्या सुनेच्या न्हाणीघरात फळीवर निळीची एक पुडी असते. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात चिमूटभर द्यायला. ती पुडी दिसली की मला हसू येतं, आणि हसता हसता मधेच ते थांबतं. मी रंगाऱ्याच्या घरातली. आमच्याकडे नीळ चिमटीत मावत नव्हती. ती अंगणात कमरेएवढ्या रांजणात राहत होती, दोन वेळा खात होती, रागावत होती, आजारी पडत होती, आणि माझी अज्जी तिची आई होती. अज्जी म्हणजे बापाची आई. मैसुरातल्या आमच्या लोकांत आजीला कुणी आजी म्हणत नव्हतं. आमचे पूर्वज कुठून आणि कुणाच्या मागून इकडे उतरले ते मला विचारू नका. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्ही, एवढं मात्र खरं. देवराज मोहल्ल्याच्या मागच्या अंगाला आमची गल्ली होती. सकाळी तिथे पहिला आवाज कोंबड्याचा नसे. कापडावर लाकडी ठसे पडायला लागायचे, ठप्प, ठप्प, ठप्प, एका घरातून दुसऱ्या घरात, आणि त्या आवाजानेच आम्हा पोरांना जाग यायची.

अज्जीचे हात कोपरापर्यंत निळे होते. कितीही धुतले तरी नखांच्या कडा काळ्यानिळ्याच. त्याच हातांनी ती दहीभात कालवायची, वर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवायची आणि आम्हा भावंडांना गोल बसवून एकेक घास तळहातावर द्यायची. पांढरा शुभ्र भात आणि त्याला लागून ती निळी बोटं. आईच्या हातचा भात आम्हाला तितका गोड लागत नसे, आणि आई ते ओळखून होती. "माझ्या हाताला रंग नाही ना, म्हणून चव नाही," असं म्हणायची. म्हणताना हसायची, पण भांडं जरा जोरात आपटायची.

रांजण निम्मा जमिनीत पुरलेला होता, तरी काठ अज्जीच्या कमरेला लागे. सकाळ-संध्याकाळ अज्जी त्याला चुन्याची निवळी, गूळ आणि टाकळ्याच्या बियांचं शिजवलेलं पाणी देई. टाकळा वाटायचं काम माझं. मग ती लांब काठीने हळूच ढवळी, वर आलेला तांबूस फेस बोटाने बाजूला करी, वास घेई, आणि थेंबभर जिभेवर ठेवी. बरा असला तर नुसती मान हलवी. नसला तर त्याच्याशी बोले. "काय रे बाबा, काल गूळ कमी पडला काय? असू दे, आज घे." आजोबा गेले तेव्हा तिच्या पदरात दोन मुलं होती, माझे अप्पा आणि धाकटे नाना काका. रांजण धरून ती तिघांना सांभाळत होती, असं गल्लीतल्या बायका म्हणत. तिने रंगवलेलं सूत कडकोळ आणि नंजनगुडच्या बाजूच्या खेड्यांतल्या बायका जत्रेआधी मागून नेत. त्या निळ्याचं लुगडं फाटेल पण विटणार नाही, अशी तिची ख्याती होती.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगते. ऐकून तुम्ही हसाल, खुशाल हसा. निळीचा रांजण कधी कधी नासतो. रंग धरत नाही, कुबट वास मारतो, कापड घातलं तर राखेसारखं वर येतं. तसं झालं की घरातल्या कुणीतरी एक मोठी थाप ठोकायची आणि गावात सोडून द्यायची. ती थाप जितकी लांब जाईल तितका रांजण लवकर सावरतो, ही आमची पक्की समजूत. मी लहान असताना शेजारच्या घरचा रांजण बिघडला, तेव्हा त्या घरच्या म्हातारीने विहिरीवर सांगितलं की चामुंडीच्या डोंगरावरच्या दगडी नंदीने आज पहाटे शेपटी हलवली. दुपारपर्यंत अर्धा मोहल्ला पायऱ्या चढून वर गेला. एक टांगेवाला तर शपथेवर सांगायला लागला की मी हलताना पाहिली. चौथ्या दिवशी रांजण सुधारला, आणि म्हातारीने सगळ्यांना गूळ वाटला. कुणी रागावलं नाही. आमच्या गल्लीत काही अचाट कानावर आलं की मोठी माणसं आधी विचारत, "कुणाचा रांजण नासलाय?"

पण या रीतीला दुसरी बाजू होती, आणि तिच्याशी कुणी थट्टा करत नसे. रांजण चांगला असताना तो सांभाळणाऱ्याने खोटं बोलायचं नाही. बोललं तर रांजण मरतो, आणि तो मेला की मग कुठल्याही थापेने उठत नाही. म्हणून ज्या घरचा रांजण जिवंत त्या घरच्या बाईचा शब्द खरा, असा हिशेब होता. अज्जीचा रांजण तर कधी आजारीसुद्धा फारसा पडला नव्हता. भाऊबंदकीच्या तंट्यात, सोयरिकीच्या बोलण्यांत लोक अज्जीला पुढे बसवत. तिने "हो" म्हटलं की पुरे. माझ्या लहानपणी मला त्याचा जाचच फार होता. मी बोरं चोरली नाहीत, एवढं साधंसुद्धा तिच्याकडून कुणाला सांगवता येत नसे, कारण ती माझ्यासाठीही खोटं बोलायची नाही.

नाना काकांना मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या आधीच ते घर सोडून गेले. जाण्याचं कारणही रांजणच. बाजारात तेव्हा डब्यातले परदेशी रंग यायला लागले होते. पाण्यात टाका, ढवळा, झालं. काकांना ते आणायचे होते. अज्जी नको म्हणाली. शब्दाला शब्द वाढला, आणि काका म्हणाले, "तुला मी पाहिजे का हा रांजण, ते एकदा सांग."  अज्जी काठी घेऊन ढवळत राहिली. काका आपला एक ठसा कमरेला खोचून निघून गेले, सोन्याच्या खाणींकडे गेले म्हणून कळलं, पुढे काही नाही. तो ठसा त्यांनी पोरवयात स्वतः कोरला होता. ठसा कोरताना नक्षी उलट कोरायची, म्हणजे कापडावर सरळ उमटते; ते विसरून त्यांनी कोयरी सरळच कोरली, आणि छापली तेव्हा तिची शेपटी भलतीकडे वळली. सगळी गल्ली हसली. पण काका हट्टी. तीच उफराटी कोयरी ते प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात एकदा तरी उमटवत. जुन्या गोधड्यांवर ती मी पाहिली होती. तेवढाच काय तो काकांशी माझा परिचय.

मागे राहिली सुभद्रा काकू. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अज्जीने तिला माहेरी पाठवलं नाही, आणि ती गेलीही नाही. काकूचा ठसा फार नेमका पडायचा. आमच्यात लग्नाची वस्त्रं सवाष्णीनेच छापायची असतात, आणि मोहल्ल्यातली निम्मी लग्नं काकूच्या हातच्या शालूंत लागली. कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, आणि तोंडाने एक शब्द जास्तीचा नाही. संध्याकाळी ती आणि अज्जी पायरीवर बसून पावटे सोलत. दोघींमध्ये एक सूप. तासभर बसत आणि बोलत काहीच नसत. मला वाटे, या भांडल्यात की काय.

नवरा बारा वर्षं बेपत्ता राहिला, काही खबर नाही, की तो गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक पाळायचं, आणि बायकोचं कुंकू पुसायचं. ती बारा वर्षं भरत आली होती. अप्पा दुष्ट नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. माझे दोन भाऊ पाठोपाठ गेले होते, आणि अप्पांच्या मनाने घेतलं होतं की नानाचा आत्मा पाण्यावाचून भटकतोय. "त्याला वाट नको का द्यायला, अव्वा?" असं ते अज्जीला, आपल्या आईला, विचारत, आणि विचारताना त्यांचे डोळे भरत. आमच्या जातीचे वडील वेंकोबा मामा, त्यांनी दिवस ठरवला. येत्या सोमवारी अंगणात बसायचं आणि विधीचा निर्णय करायचा.

अज्जी त्या दिवसांत रांजणापाशीच असे. एकदाच, मी टाकळा वाटत असताना, ती आपणहून म्हणाली, "नानाच्या लग्नात मी कुठं होते ठाऊक आहे? सैपाकघराच्या दाराआड. मीच जन्म दिलेला पोर, पण विधवेनं अक्षता टाकायच्या नाहीत. फटीतून एक खांदा दिसला त्याचा." मग ती ढवळायला लागली. एवढं मोठं बोलणं मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

सोमवारच्या आधी दोन दिवस बळेगार आला, म्हणजे बांगड्या भरणारा. नंजनगुडचा मलप्पा. तो दरसाल यायचा, खांद्यावर बांगड्यांच्या माळा, आणि गल्लीच्या तोंडाशीच त्यांचा आवाज ऐकून बायका कामं टाकून बाहेर येत. त्या वेळी तो मधे बरेच दिवस आला नव्हता. आईच्या हातात बांगड्या भरून झाल्या, आणि काकूने हात पुढे केला. मलप्पाने तो हातात घेतला, आणि नुसता धरून बसला. मग त्याने तो खाली ठेवला आणि कन्नडात म्हणाला, "जरा पाणी पिऊन येतो, अव्वा कुठं आहे?"

अज्जी रांजणापाशी होती. मी तिथेच पाट्यावर. लहान पोर म्हणजे असून नसल्यासारखं, तसा तो माझ्यासमोरच बोलला. त्याचा मेहुणा खाणीवर होता, त्याला भेटायला तो गेला होता. तिथे मजुरांच्या चाळीत एक रंगारी तापाने पडला होता. मैसूरचा, मराठी बोलणारा. मलप्पाने त्याला ओळखलं. चार दिवस त्याच्यापाशी बसला, आणि पाचव्या दिवशी त्याला स्मशानात पोचवून आला. "शेवटपर्यंत हे उशाशी होतं," असं म्हणून त्याने कमरेच्या फडक्यातून ठसा काढला. मग तो माणूस रडायला लागला. "अव्वा, मी बांगड्या भरणारा माणूस. त्या पोरीच्या हातात आता काय भरू, ते तूच सांग."

अज्जीने ठसा हातात घेतला, उलटा करून बघितला, आणि अंगठा त्या कोयरीच्या शेपटीवरून फिरवला. ती रडली नाही. तिच्या घशातून एक आवाज आला, जड घागर उचलताना येतो तसा, तेवढाच. मग ती म्हणाली, "भर. हिरव्याच भर. आणि मलप्पा, तू इथं फक्त पाणी प्यायलास."

तो गेला. अज्जीने तुटक्या खलाचा तुकडा शोधला, ठशाला दोरीने बांधला, आणि ठसा रांजणात सोडला. फेस फाटला आणि पुन्हा मिटला. नंतर तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "राधू," ती म्हणाली, "पोटात ठेव." मी मान हलवली. बाहेरून काकूच्या नव्या बांगड्यांचा आवाज येत होता. अज्जीने चुन्याचं भांडं उचललं आणि रांजणाला त्याचं संध्याकाळचं दिलं.

सोमवारी अंगणात घोंगडी घातली. वेंकोबा मामा मधे बसले, आणखी तीन-चार वडील माणसं, अप्पा एका कडेला खाली मान घालून. काकू आणि आई दाराच्या आत. वेंकोबा मामांचं बोलणं साखरेत घोळलेलं असे, मधे मधे कन्नड ‘अल्लवा’, म्हणजे ‘हो ना’. "बघ वहिनी, बारा वर्षं म्हणजे काय थोडी झाली? पोराला गती मिळायची तर हे करायलाच पाहिजे. तुझं मन आम्हाला कळत नाही असं नाही, अल्लवा? पण रीत म्हणून आहे."

अज्जी उभीच होती. रांजणाच्या काठावर एक हात ठेवून. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाना जिवंत आहे. मला निरोप आलाय."

 अप्पांनी मान वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मला आजही बघवत नाही. "कुणी आणला? कधी, अव्वा?"

"आला. कुणी आणला ते सांगणार नाही. एवढ्यात येणार नाही म्हणून सांगितलाय. पण आहे. माझ्या सुनेचं कुंकू आहे."

वेंकोबा मामांनी तिच्याकडे बघितलं, मग रांजणाकडे. ते रंगारी होते. दुसरा कुणी असता तर साक्षीदार मागितला असता. ते उठले, खांद्यावरच्या उपरण्याची किनार फाडली, आणि ती चिंधी रांजणात बुडवली.  आत तळाशी काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि त्यांच्या हाताला ते लागेल की काय अशी मला भीती वाटत होती. त्यांनी चिंधी बाहेर काढली. आधी ती पिवळट हिरवी होती. वाऱ्यावर धरली, तशी ती सगळ्यांच्या देखत हळूहळू फिरली, आणि निळी झाली. अगदी गर्द, खोल, अज्जीच्या हातची निळी. मामांनी ती सगळ्यांना दाखवली.

"रांजण जिवंत आहे," ते म्हणाले. "बाई खोटं बोलत नाही. उठा."

माणसं गेली. अप्पा अज्जीच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. अज्जीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या तोंडाकडे मी बघत होते. तिचा एक मुलगा सुखाने रडत होता आणि दुसरा मेलेला होता, आणि तिला दोघांपैकी कुणासाठीही रडायची मोकळीक नव्हती.

दुसऱ्या दिवशी अप्पा माल घेऊन बाजारात गेले, आणि अज्जीने मुसळ उचललं. आई धावत आली. "अय्यो, हे काय? रंग तर चांगला आहे!" अज्जी म्हणाली, "थकले ग मी. आता डब्यातला रंग आणा म्हणावं." आणि तिने रांजणाच्या पोटावर मुसळ घातलं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा भेग पडली, आणि पाणी अंगणभर झालं. बाहेर येताना ते हिरवं होतं, पायरीपर्यंत पोचता पोचता निळं. तिने असं का केलं ते मला तेव्हाच कळलं होतं. रांजण आता मरणार, तो मरताना गल्लीला दिसणार, आणि दिसला की काकूचं कुंकू जाणार. तो जिवंत असतानाच मोडायला हवा होता. पुढे आयुष्यात मला शिकलेल्या माणसांनी समजावलं की नीळ चुन्याने आणि उबेने जगते, खऱ्याखोट्याशी तिचा संबंध नाही. असेल. पण अज्जीला तसं कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या हिशेबाने तिने आपल्या पोटच्या पोराचं पाणी तोडलं होतं आणि त्याच हातांनी आपला रांजण मारला होता.

जमिनीत पुरलेल्या भागातलं पाणी उरलं. ते उपसायला काकू वाकली. घागर, घागर, आणि शेवटी गाळ हाताने काढायला तिने हात घातला. तो हात तिथेच थांबला. मग तिने तो वर आणला, आणि त्यात ठसा होता, काळानिळा झालेला, दोरीसकट. तिने त्याच्यावरचा गाळ पुसला. कोयरी सरळच कोरलेली, काकांची. अज्जी मुसळाला टेकून उभी होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं, आता काकू किंचाळेल. ती किंचाळली नाही. तिने ठसा निऱ्यांत खोचला, उरलेला गाळ काढला, विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, आणि आत जाऊन आरशासमोर बसली. बाहेर आली तेव्हा तिचं कुंकू नेहमीपेक्षा मोठं होतं. त्या संध्याकाळी दोघी पायरीवर बसून पावटे सोलत होत्या.

त्यावर त्या दोघी कधी बोलल्याचं मला माहीत नाही. पितृपक्षात आमच्याकडे ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठीही कावळ्याला एक घास बाजूला ठेवतात. तो घास त्यानंतर दरवर्षी काकू आपल्या हाताने वाढी, आणि त्यावर अज्जी दह्याची धार सोडी. अप्पा विचारत, "एवढा मोठा घास?" अज्जी म्हणे, "ज्याला कुणी नाही त्याला भूक जास्त." अप्पांनी डब्यातले रंग आणले, घर चाललं, बरंच चाललं. अज्जीच्या हातांचा रंग मात्र उतरत गेला. आधी कोपर, मग मनगटं, मग बोटं. शेवटी ते कुणाही म्हातारीचे हात झाले, आणि धाकटी भावंडं तिच्या हातच्या दहीभातासाठी आमच्यासारखी भांडली नाहीत. तंट्यात लोक तिला पुढे बसवायला बोलवत, ती जात नसे. "माझ्या दारात आता रांजण नाही," असं सांगून परत पाठवी.

सुभद्रा काकू माझ्या लेकीच्या लग्नापर्यंत होती. पिकल्या केसांची, मळवट भरलेली, मांडवात सगळ्यांच्या पुढे. हळद पहिली तिनेच लावली.

अज्जी गेली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. सकाळची वेळ होती. गल्लीत ठसे थांबले होते, सगळी माणसं दारात आली होती. अप्पांनी बाजारातून पांढरं कापड आणलं. काकू पुढे झाली, तिने ते त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "जरा आत नेते."  आतून एकदाच आवाज आला. ठप्प. मग ती कापड घेऊन बाहेर आली आणि अज्जीवर पांघरलं.

वेंकोबा मामा आता फार म्हातारे झाले होते, पण मोहल्ल्यातला प्रत्येक ठसा त्यांना ओळखू येई. ते काठी टेकत दर्शनाला पुढे येत होते. अज्जीच्या उजव्या हाताशी, कापडाच्या कोपऱ्यात, एक कोयरी होती. ओली, निळी, शेपटी भलतीकडे वळलेली. तो ठसा तर काका कमरेला खोचून घेऊन गेले होते. मी ती पाहिली, आणि अप्पांनी ती पाहिली. त्यांनी काकूकडे बघितलं, तिच्या कपाळाकडे. मग मोडलेल्या रांजणाच्या जागेकडे बघितलं. इतकी वर्षं ते भावाची वाट बघत होते.

मामा दोन पावलांवर आले. अप्पा वाकले, आणि त्यांनी तो कोपरा दुमडून आत, अज्जीच्या हाताखाली सारला.